बरणीत ठेवलेलं नाव

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचून झाल्यावर माझ्या नवऱ्यानं कागद मांडीवर ठेवले, चष्मा काढला आणि मला विचारलं, "तुझं आणि तुझ्या वडिलांचं नातं नेमकं कसं होतं?"

माझे वडील तेव्हा नागपुरात धडधाकट होते. दर रविवारी हाच माणूस त्यांच्याशी फोनवर क्रिकेटच्या गप्पा मारायचा, आणि फोन माझ्या हातात येईपर्यंत कॉलिंग कार्ड संपत आलेलं असायचं. मी म्हणाले, "काल तूच तर बोललास त्यांच्याशी. तुला कसे वाटले?"

तो मान हलवत म्हणाला, "तू चिडलीयस असं मला जाणवतंय."

जाणवतंय म्हणे. मी चिडलेच होते, त्यात जाणवायचं काय? माझा नवरा इंग्लंडात लेस्टरच्या एका हॉस्पिटलात सायकियाट्रीचा रजिस्ट्रार होता, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ व्हायच्या वाटेवर होता. घरी आल्यावर बूट दाराशी काढायचा, पण तो आवाज काही काढून ठेवायचा नाही. मऊ, संथ, समोरच्याला खुर्ची पुढे केल्यासारखा आवाज. मी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून स्वतःवर वैतागले तरी तो म्हणायचा, "हे मिठाबद्दल आहे का खरं?" अरे बाबा, मिठाबद्दलच आहे. चाखून बघ.

आधी त्या प्रकरणाचं सांगते, म्हणजे माझा राग कुठला ते कळेल. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. लेस्टरला आल्यावर मी घरात बसून राहायला नको म्हणून युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्याच्या एम.ए.ला नाव घातलं होतं. एक एम.ए. नागपुरात झालंच होतं, पण ते इथे कोणी विचारत नव्हतं. प्रबंधासाठी मी एका बाईची कादंबरी निवडली. दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये एका टीपॉटच्या शेजारी पडलेली सापडली होती, मुखपृष्ठ फाटलेलं. कल्पनेतल्या एका देशाची गोष्ट होती. त्या देशात लग्नाच्या दिवशी मुलगी आपलं नाव एका बरणीत फुंकते. मग आपण लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो तसं त्या बरणीचं तोंड बांधतात आणि ती नवऱ्याच्या घरच्या तळघरात फळीवर ठेवतात. त्यानंतर ते नाव कोणाच्याच जिभेवर येत नाही, तिच्या स्वतःच्याही नाही. नवरा नवं नाव देतो, तेवढंच उरतं. तळघराची किल्ली सासूकडे असते. बरण्यांवर चिठ्ठ्या नसतात. नायिका किल्ली चोरून खाली जाते, आधी चुकून सासूचीच बरणी उघडते, आतून सासूच्याच आवाजात कुठल्यातरी अनोळखी मुलीचं नाव ऐकू येतं, ती घाबरून तोंड पुन्हा बांधते. शेवटी तिला तिची बरणी सापडते. ती उघडते, तिचं नाव तिला हाक मारतं, ती लगेच "ओ" देते आणि ते घर सोडून चालू लागते.

ही गोष्ट वाचताना कुठल्याही मराठी बाईच्या डोळ्यांपुढे काय येईल? तांदळाचं ताट. माझ्याही आलं.

आमचं लग्न पुण्यात झालं. पाटावर बसवून समोर तांदूळ पसरलेलं ताट ठेवलं आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. नाव सासूबाईंनी सुचवलं होतं. सुचवलं म्हणजे ठरवलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं असं नाही. एका चुलत नणंदेनं विचारलं होतं, "चालेल ना गं?" तेव्हा मंगळसूत्र गळ्यात पडून तासभर झाला होता. माझे वडील शेजारी उभे राहून मांडवाच्या झालरीकडे बघत होते. जुनं नाव त्यांनीच ठेवलं होतं. लिहून झाल्यावर ताट हलवून तांदूळ सारखे करायला कोणीतरी हात पुढे केला, तर सासूबाई म्हणाल्या, "थांबा, लगेच मोडू नका." आणि त्या ताटापुढे वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आपला माल नीट शिक्का मारून आलाय की नाही ते बघतायत. ती दोन्ही नावं मी इथे लिहिणार नाही. ज्यांना ठाऊक असायला हवीत त्यांना ती ठाऊक आहेत.

ते ताट मी प्रबंधात एका तळटीपेत घातलं. फक्त एका तळटीपेत. बाकी सगळं प्रकरण त्या कादंबरीबद्दल होतं. पण माझ्या नवऱ्यानं तळटीप तेवढी वाचली.

बरं, तो एकटाच नव्हता. माझ्या मार्गदर्शक बाई इंग्लिश होत्या, मनोविश्लेषणाच्या नजरेनं साहित्य वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचा माझ्यावर जीव होता हे आधीच सांगते, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. तळघर म्हणजे अबोध मन, बरणी म्हणजे गर्भाशय, आणि किल्ली म्हणजे काय ते सांगायला नको, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. लग्न म्हणजे एका पुरुषाचं नाव पुसून त्यावर दुसऱ्या पुरुषाचं नाव लिहिणं, बाई म्हणजे नुसती पाटी. सासू म्हणजे मुलाला न सोडणारी, सुनेचा गळा धरणारी आई. हे मला पटत होतं. मी मन लावून लिहीत होते. तिसरं प्रकरण वाचून बाईंनी डोकं किंचित कलतं केलं आणि विचारलं, "तुझ्या लग्नाचा निर्णय घ्यायला तुला मोकळीक होती का?"

मी सांगितलं की मी आधी आलेली स्थळं नाकारली होती, याला दोनदा पुण्यातल्या एका उडप्याकडे भेटले होते, तिथे यानं इडली बोटांनी न मोडता काट्यानं खाल्ली म्हणून त्याला हसलेही होते, आणि मग स्वतः हो म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, "अर्थातच." त्या "अर्थातच"नं माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजारी माणूस मी बरा आहे म्हणतो तेव्हा त्याच्याशी असंच बोलतात.

म्हणजे बघा. मी कादंबरीतल्या लग्नाबद्दल लिहीत होते आणि दोघंही माझ्या लग्नाबद्दल वाचत होते. इंग्लिश मुलांच्या प्रबंधांवर बाई असं विचारत नसत, मी कॉरिडॉरमध्ये चौकशी केली होती. तिथे पुस्तक हे पुस्तक असायचं. माझ्या हातात आलं की त्याचा केसपेपर व्हायचा. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला नवरा चारचौघांत हसत म्हणाला, "हिचा प्रबंध म्हणजे स्वस्तातली थेरपी आहे." सगळे हसले. मी तिळगूळ दिला आणि मूग गिळून गप्प बसले. गोड बोला म्हणायचा दिवस होता ना.

आता कोणी म्हणेल, मग एवढं झोंबलं का? झोंबलं, कारण थोडं खरं होतं. पण थोडं खरं असलं म्हणून सगळ्यांनी माझ्या घरात वाकून बघायचं का? मी दहा गोष्टी वाचून, टिपणं काढून, रोज लायब्ररीत मान मोडून जे लिहिलं, ते मला सुचलंच नाही, ते मला झालं, गोवर व्हावा तसं, असं म्हणायचं?

त्यातच ग्लासगो आलं. नवऱ्याला तिथे, वर स्कॉटलंडात, ऑगस्टपासून पोस्ट मिळाली. चांगली होती, मीच पेढे केले. प्रबंध द्यायचा होता सप्टेंबरात. तो म्हणाला, "जुलैअखेर पॅकिंग करू. तुझं काय, लिहायचंच तर आहे, तिकडे बसून लिही." लायब्ररी इथे, बाई इथे, माझी पुस्तकं इथे, आणि हा म्हणतो तिकडे बसून लिही. उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय? मला पक्कं माहीत होतं काय होणार ते. ग्लासगोत घर शोधायचं, पडदे लावायचे, गॅसवाला येईल म्हणून दिवसभर थांबायचं, मग मुदत वाढवून मागायची, मग आणखी वाढवून मागायची, मग एक दिवस सगळं खोक्यात. नागपुरात मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं, ते लग्नासाठी असंच अर्ध्यावर सुटलं होतं. तेव्हाही सगळे म्हणाले होते, तिकडे जाऊन कर. हेही सुटलं असतं तर मी पुन्हा काही हातात धरलं नसतं. हे मी नवऱ्याला अगदी याच शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, "मी तुला सोडून जाईन अशी भीती वाटतेय का?" मी पेढ्यांचा डबा उचलून आत गेले.

आणि या सगळ्यावर, मे महिन्यात, सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या.

सासूबाई पुण्यातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा की लांबच्या वर्गातलं पोरही सरळ बसावं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण त्यांना लेक नव्हती, म्हणून त्या खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला बोलायच्या. "मे महिन्यात हीटिंग लावतात का बाई कोणी," असं त्याला सांगायच्या. "पोळ्या कालच्या दिसतायत," हेही त्यालाच. मी टेबलाशी लिहीत बसलेली असायची आणि माझ्या मागे तो बिचारा बोलणी खायचा.

त्याहून मला छळायचं ते त्यांचं हाक मारणं. दिवसभर मला नावानं हाका. नवं नाव, त्यांनी दिलेलं. जिन्यातून, बाथरूममधून, शेजारच्या खोलीतून. मी हातातलं वाक्य सोडून जायचे, "काय आई?" तर म्हणायच्या, "काही नाही." एकदा नाही, रोज. मला वाटायचं, दोरी ओढून बघतायत, गाय खुंट्याला आहे ना. माझ्या प्रकरणात हे चपखल बसत होतं. किल्ली सांभाळणारी सासू माझ्या घरातच वावरत होती. बाईंनाही मी हे सांगितलं, आणि त्या पहिल्यांदा मनापासून उत्साहानं "हे लिही" म्हणाल्या. मी लिहिलं नाही. एवढा शहाणपणा होता.

एकदा सासूबाईंनी विचारलं, "एवढं काय लिहितेस ते सांग तरी." मी मुद्दाम सगळी गोष्ट सांगितली, सासूची किल्ली जरा जोर देऊनच सांगितली. त्या ऐकत होत्या. त्या कादंबरीत एक प्रसंग आहे, सासू रोज संध्याकाळी दिवा घेऊन तळघरात उतरते आणि फळीपुढे उभी राहते. त्यावर त्यांनी विचारलं, "ती कशाला जाते?"

"पहारा द्यायला," मी म्हणाले. "सुनेची बरणी जागेवर आहे ना ते बघायला."

"हं," म्हणाल्या, आणि उठून रेडिएटरवर वाळत घातलेले रुमाल घड्या करायला लागल्या. त्या दिवशी त्याला काही बोलल्या नाहीत.

मग जुलैतला तो शनिवार. दुपार होती, हॉलमध्ये रिकामी खोकी आणून ठेवली होती. माझी पुस्तकं कुठल्या खोक्यात जातील हे नवरा मला न विचारता ठरवत होता. सासूबाई बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली मेथी पेपरवर पसरून निवडत होत्या. पत्ता बदलायचा म्हणून नवऱ्यानं बँकेला फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीनं खातरजमा करायला नेहमीचा प्रश्न विचारला, आईचं माहेरचं आडनाव काय. त्यानं झटकन सांगितलं, स्पेलिंगसकट. मुलगी थांबा म्हणाली आणि फोनवर वाट बघायचं संगीत सुरू झालं.

माझं डोकं खोक्यांवरून आधीच तापलेलं होतं. मी म्हणाले, "आडनाव सांगितलंस. आणि माहेरचं नाव काय त्यांचं?"

त्यानं सध्याचं नाव सांगितलं.

"ते तुझ्या बाबांनी ठेवलेलं. त्याच्या आधीचं?"

तो हसला. मग हसायचा थांबला. "आक्का," म्हणाला. "मामा, मावशी, सगळे आक्काच म्हणायचे."

"आक्का हे नाव झालं का? थोरली बहीण म्हणून आक्का. नाव काय होतं?"

तो आईकडे बघायला लागला. हा मनुष्य रोज परक्या माणसांना त्यांच्या आयांबद्दल विचारायचा, त्यांची लहानपणं उकरायचा, आणि स्वतःच्या आईचं नाव याला माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे लपवत नाही. आता सापडलास, असं वाटलं.

"आई, सांग ना," तो म्हणाला.

सासूबाईंनी मेथीची काडी मोडली, पानं एका बाजूला टाकली, काडी दुसऱ्या बाजूला. म्हणाल्या, "तू हिला ज्या नावानं हाक मारतोस ना, तेच."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. माझं नाव. मी सांगितलं आणि तू तांदळात लिहिलंस."

फोनवरचं संगीत चालूच होतं. कोणी बंद करेना. सासूबाई खाली बघून निवडत राहिल्या आणि बोलत राहिल्या, आणि पहिल्यांदाच रेडिएटरकडे बघून नाही. "घरात मी थोरली, म्हणून सगळ्यांची आक्का. नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. आमच्या बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा तेवढं दिवसातून एकदा कोणीतरी म्हणायचं. मला ते फार आवडायचं. मी शाळा बुडवत नसे. लग्नात ते गेलं. पुढे मीच हजेरी घ्यायला लागले, दरवर्षी वर्गात कोणीतरी त्या नावाची निघायची, तिचं नाव मी जरा सावकाश घ्यायचे. मग तुझं लग्न ठरलं. मला वाटलं, घरात कोणीतरी असावी त्या नावाची. हाक मारता येईल."

इथे मला गहिवरून आलं आणि मी त्यांच्या गळ्यात पडले असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं झालं नाही. मला राग आला. नवऱ्याचा यायचा तो येऊन गेला होता, हा निराळा होता, पोटातून आलेला. मी म्हणाले, "तुमचं गेलं म्हणून तुम्ही माझं घेतलंत."

"हो," त्या म्हणाल्या. "घेतलं."

"वड्याचं तेल वांग्यावर."

"तसंच म्हण. मला तेव्हा माझंच दिसत होतं. तुझं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे." आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं. माझं नाव, माझ्या वडिलांनी ठेवलेलं, पूर्ण आडनावासकट, हजेरी घेतल्यासारखं. लग्नानंतर त्या घरात ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं. मला रडू आलं, पण ते रागाचंच होतं.

नवरा खोक्यावर बसला होता. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तोच आवाज काढून म्हणाला, "तुम्ही दोघीही चिडल्या आहात असं मला जाणवतंय."

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "जाणवतंय काय? डोळे दिलेत ना देवानं? चिडलोच आहोत. जगाच्या आया विचारत फिरतोस, पगार घेतोस त्याचा. मला कधी विचारावंसं वाटलं नाही तुला, आई, तुझं नाव काय होतं?"

तो खोक्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडायला लागला. खरं म्हणजे त्याच्या त्या मनाच्या शास्त्रातच या प्रश्नाला जागा नव्हती. मुलगा आणि आई यांना तिथे मोठा दिवाणखाना आहे. बाप आणि लेक यांना खोली आहे. सासू-सुनेला मात्र साधी ओसरीसुद्धा नाही. ज्यांनी ते शास्त्र रचलं त्यांच्या सोफ्यावर सासू-सुना शेजारी बसून मेथी निवडत नसाव्यात. सासू आली तर ती मुलाची आई म्हणून येते, कोणाची तरी मुलगी म्हणून येतच नाही. बाई शिकवत होत्या, नवरा शिकत होता, मी लिहीत होते, आणि तिघांपैकी एकानंही थांबून विचार केला नाही की त्या फळीवर सासूची पण बरणी आहे.

"आणि ऐक," सासूबाई त्याला म्हणाल्या, "ही आत्ता ग्लासगोला येणार नाही. घराचा करार सप्टेंबरअखेरपर्यंत आहे असं तूच सांगितलंस. मी हिच्याजवळ राहते. तू जा. स्वतःची भाजी स्वतः कर, मीठ स्वतः घाल."

तेवढ्यात संगीत थांबलं आणि बँकेतली मुलगी म्हणाली, थांबल्याबद्दल धन्यवाद, तुमचा नवा पत्ता सांगता का? नवऱ्यानं सांगितला. फक्त स्वतःचा.

तो ऑगस्टला गेला. तोंड पाडून गेला, पण गेला. मी तिसरं प्रकरण फाडलं नाही, पण अर्धं तरी नव्यानं लिहिलं. कादंबरी पुन्हा उघडली आणि तो संध्याकाळचा प्रसंग वाचला. सासू दिवा घेऊन उतरते, फळीपुढे उभी राहते, एकेका बरणीला हात लावते. चिठ्ठ्या नाहीत. पहारा करणारी बाई बरण्यांना हात लावत बसेल का? ती स्वतःची शोधत होती. इतकी वर्षं किल्ली कमरेला लावून ती रोज शोधत होती आणि तिला स्वतःची सापडत नव्हती. सुनेनं ती चुकून उघडली, आतली मुलगी बोलली, आणि सुनेनं घाबरून तोंड बांधून टाकलं. वर जाऊन सांगितलं नाही, की आई, ती डावीकडची तुमची. लेखिकेनं हे सगळं लिहून ठेवलं होतं. मी पोथीतली उत्तरं आधीच घेऊन बसले होते म्हणून मला दिसलं नव्हतं.

मार्गदर्शक बाईंनी नवं प्रकरण वाचलं. डोकं कलतं केलं. "हे तुझ्या सासूबाईंबद्दल आहे का?"

"नाही," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, चढू दिला. "हे त्या कादंबरीतल्या सासूबद्दल आहे. पान सांगते, उघडा. माझ्या सासूबद्दल लिहायचं असेल तेव्हा वेगळं लिहीन आणि तुम्हाला आधी सांगेन." बाईंचे कान लाल झाले. त्यांनी पान उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग आम्ही त्या पानाबद्दल बोललो, पहिल्यांदाच, एका वाचकानं दुसऱ्या वाचकाशी बोलावं तसं.

सप्टेंबरात प्रबंध बांधून घरी आणला. सासूबाईंनी हात धुऊन पदराला पुसले आणि पहिलं पान उघडलं. त्यावर त्यांचं नाव होतं. म्हणजे माझं नवं नाव. युनिव्हर्सिटीला पासपोर्टवरचंच लागत होतं.

"तुझं का नाही घातलंस?" त्यांनी विचारलं.

"चालत नाही म्हणाले."

"मूर्ख आहेत," त्या म्हणाल्या, पण त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं. मला ते दिसलं, आणि माझ्या मेहनतीवर ते नाव मला पुन्हा खुपलं. कादंबरी घेऊन सोफ्यावर बसले, शेवटचं प्रकरण उगीच चाळत.

सासूबाई पुन्हा कणीक मळायला लागल्या आणि फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. स्पीकरचं बटण त्यांना आता नीट यायचं, हात पिठाचे असले की त्या तेच दाबायच्या. ग्लासगोहून नवरा होता. त्यानं नेहमीच्या नावानं मी आहे का म्हणून विचारलं.

"आहे ना, मीच बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. "बायको हवी असेल तर तिचं नाव घेऊन बोलाव."

त्याला आठवत असेल का, असं मला वाटलं, आणि आठवत नसेल तर मी काय करीन हेही मी ठरवून टाकलं होतं. पण त्याला आठवत होतं. त्यानं ते म्हटलं. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये नव्या पेशंटचं नाव पुकारतात तसं, चाचरत, पण बरोबर म्हटलं.

मी दाराकडे बघितलं. कोण आलंय म्हणून. खोलीत आम्ही दोघीच होतो. सासूबाई पिठाचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या, तिकडे तो वाट बघत होता, आणि हा कोणाला हाक मारतोय ते मला कळायला वेळ लागला. चांगलाच वेळ लागला. त्यानं पुन्हा एकदा म्हटलं, तेव्हा कुठे मी फोनपाशी गेले.

बोलून झाल्यावर मी परत सोफ्यावर बसले. कादंबरीचं शेवटचं पान उघडंच होतं, बरणी उघडते, नाव हाक मारतं आणि ती लगेच "ओ" देते ते. प्रबंधात मी त्या "ओ"चं कौतुक केलं होतं. तो बांधून झाला होता, आता त्यात काही बदलता येणार नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीच्या शेजारी समासात मराठीत लिहिलं, असं होत नाही.